सातव्या ग्रीनचं पाणी

गोल्फ क्लबचा मुख्य माळी वॉल्टर ग्रॅबोव्स्की याने सातव्या ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बूट दाबला आणि उचलला. गवत परत उभं राहिलं नाही. बुटाचा ठसा तसाच राहिला, निळसर करडा. सकाळचे साडेआठच वाजले होते.

"दहा मिनिटं पाणी मारू द्या. फक्त दहा," तो म्हणाला.

स्पर्धा समितीचे हार्लन प्रेस्कॉट ऐकूच न आल्यासारखे वाकून बघत होते. निळा कोट, टाय, गळ्यात बिल्ला. त्यांच्या माणसाने पन्हाळीसारख्या लोखंडी पट्टीवरून चेंडू सोडला, तो घरंगळत जाऊन थांबला, मग फीत लावून अंतर मोजलं गेलं. अंतर जितकं जास्त, तितकं ग्रीन वेगवान.

"तेरा फूट! अगदी हवं तसं," प्रेस्कॉट खूश होऊन म्हणाले.

"आत्ता तेरा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की चेंडू थांबायचाच नाही. आणि होल तर तुम्ही नेमकं उतारावर पाडलंय. निदान ते तरी हलवा. एकदा पहिली जोडी खेळून गेली की दिवसभर होलाला हात लावता येणार नाही."

"वॉल्ट, ही राष्ट्रीय स्पर्धा आहे. तुझ्या मेंबरांचा रविवारचा विरंगुळा नव्हे. इथे खेळाडूंची परीक्षा घ्यायची असते."

"मग खेळाडूंची घ्या ना! गवताची कशाला घेताय? मरतंय ते."

"पाण्याला हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही."

या ग्रीनला लहान मुलासारखं वाढवण्यात वॉल्टरची तेवीस वर्षं गेली होती. प्रेस्कॉट येऊन पाच दिवस झाले होते. पण या आठवड्यापुरता हुकूम त्यांचा, तसं करारातच लिहिलेलं. वॉल्टरने ओठांवर आलेली शिवी गिळली आणि पाइपाची गुंडाळी उचलून झुडपामागे नेऊन टाकली.

दुपारी तीनला वारा सुटला.

एका खेळाडूने चार फुटांवरून चेंडू हलकेच ढकलला. तो होलाच्या कडेने गेला, क्षणभर थबकला आणि मग उताराला लागला तो ग्रीनबाहेर, थेट वाळूच्या खड्ड्यात. त्याच्या जोडीदाराने खालून वर मारला, तर चेंडू वर जाऊन, वळून, पुन्हा त्याच्याच पायाशी येऊन थांबला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी तो माणूस हसायलाच लागला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. दोरीपलीकडच्या गर्दीने हुर्यो उडवली.

प्रेस्कॉट धावत आले. टाय वाऱ्याने खांद्यावर गेला होता.

"पाणी! वॉल्ट, पाणी मार! पुढची जोडी यायच्या आत!"

"सकाळी मी काय सांगत होतो—"

"सकाळचं सकाळी! आत्ता ते उगाळू नकोस!" मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि हे बघ, टीव्हीवाले मागे लागलेत. मी त्यांना सांगतोय, की सकाळचं पाणी तुमच्या लोकांकडून राहून गेलं. कुणी विचारलंच तर तू नुसतं हो म्हण. तेवढ्यावर मिटेल."

वॉल्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः घोळ घालायचा आणि वर खापर माळ्याच्या डोक्यावर फोडायचं! त्याने झुडपामागून पाइप ओढत आणला, तोंडाला तोटी बसवली आणि ती प्रेस्कॉट यांच्या हातात कोंबली.

"तुम्हीच मारा. हुकूम कुणाचा होता ते दिसू दे जगाला."

तो हाताची घडी घालून मागे सरला. प्रेस्कॉट यांनी इकडेतिकडे पाहिलं. कॅमेरे अजून त्या हसणाऱ्या खेळाडूच्या मागे होते. पुढची जोडी दोनशे यार्डांवर दिसायला लागली होती. त्यांनी घाईघाईने तोटी फिरवली, ती पुरती उघडेपर्यंत.

पाण्याचा फवारा कसला, सोटाच बसला. होलाशेजारची कोरडी माती उडाली आणि तळहाताएवढं गवत मुळासकट उचकटून बाजूला पडलं.

वॉल्टरने दोन सेकंद सहन केलं. फार तर तीन.

"अहो, फोडून काढताय तुम्ही ते! सोडा! सोडा म्हणतो ना!"

त्याने पाइप हिसकावून घेतला. प्रेस्कॉट यांनी तो आनंदाने सोडला, रुमालाने हात पुसले आणि ते झपाझप दोरीपलीकडे गेले. वॉल्टर गुडघ्यांवर बसला, उचकटलेला तुकडा जागेवर ठेवून मुठीने दाबला. मग तोटी बारीक करून धुक्यासारखं पाणी सोडलं. तो उठून उभा राहिला तेव्हा सगळे कॅमेरे ग्रीनकडे वळले होते. ग्रीनवर तो एकटाच होता, हातात पाइप घेऊन.

"सकाळी झोपला होतास काय रे, म्हाताऱ्या?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मोठा हशा पिकला.

तीस पावलांवर प्रेस्कॉट एका माइकसमोर उभे होते. बोलता बोलता त्यांनी हात लांब करून वॉल्टरकडे दाखवलं आणि खेदाने मान हलवली. वॉल्टरला ते स्वच्छ दिसलं. पाइप टाकून तिथे जायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पाणी पडताक्षणी जमिनीत जिरत होतं. डावी कड अजून कोरडीच होती. तो तिकडे वळला.