कडूबाईच्या फायली

“परवानगी नाकारली.” पडद्यावर चौथ्यांदा तेच आलं, तेव्हा सृष्टीनं घड्याळाकडं बघितलं. बियाण्यांच्या नोंदी ठेवायचा हा प्रोग्राम तिनं नेटवरून फुकट मिळवला होता. मूळ कोड उतरवून, सकाळपासून खपून तो स्वतः मशीनवर बसवला होता. आणि आता त्याच्याच फायली तिला दारात उभं करत नव्हत्या.

आज तो चालायलाच हवा होता. बेंबळी गावातली ही बियाण्यांची बँक तिच्या आईनं, कडूबाईनं, सुरू केलेली. आई दिवाळीत गेली. खोली वडिलांच्या, महारुद्रअण्णांच्या नावावर, आणि त्यांनी ती खतवाल्या दुकानदाराला द्यायचं ठरवलं होतं. नोंदी कॉम्प्युटरवर नीट दाखवल्या तर बघू, एवढीच सवलत त्यांनी लेकीला दिली होती. दुकानदार संध्याकाळी कुलूप घेऊन येणार होता. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. लेक ‘चालत नाही’ म्हणाली की उठायचं, अशा बेतानं.

फायली कुणाच्या मालकीच्या आहेत, हे सृष्टीनं मशीनला विचारलं. भराभर ओळी उतरल्या. प्रत्येक ओळीत मालकाच्या जागी एकच नाव होतं. तिच्या तोंडून आवाज निघाला तसे अण्णा उठून आले, चष्मा पुसून वाचू लागले आणि पांढरेफटक पडले.

कडूबाई. कडूबाई. खालपर्यंत कडूबाई.

“तिनं कवा केलं हे?” त्यांनी कसंबसं विचारलं.

तोवर सृष्टीच्या डोक्यात प्रकाश पडला होता. तिनं समजावून सांगितलं. मशीन प्रत्येक वापरणाऱ्याला नावाऐवजी नंबरानं ओळखतं. प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणा परक्या माणसाचा त्याच्या मशीनवरचा नंबर होता एक हजार एक. फायली उलगडताना तो नंबर तसाच आला. या मशीनवर तो नंबर आईचा. पन्नाशी उलटल्यावर एका बोटानं टाइप करायला शिकलेल्या आईचं खातं काढून टाकायचं सृष्टीच्या जिवावर आलं होतं, म्हणून ते तसंच राहिलं होतं. आता मालक बदलला की काम झालं, एका ओळीचा तर खेळ. तिनं टाइप करायला हात पुढं केला, तोच अण्णांनी तिचं मनगट धरलं.

“म्हंजे चुकून पडलं तिचं नाव?”

“व्हय अण्णा. चुकून.”

अण्णा मटकन खाली बसले आणि रडायला लागले. शेत, घर, ही खोली, गॅसचं कार्डसुद्धा त्यांच्याच नावावर होतं. खोली तरी माझ्या नावावर करा, असं कडूबाई दोनदा म्हणाली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. सृष्टीनं बापाला असं रडताना कधी बघितलं नव्हतं, आईच्या सरणापाशीसुद्धा नाही.

“दुकानदाराला येऊ नगं म्हणून सांग,” ते म्हणाले. “आन् हे नाव बदलू नगं. बाकीच्यांना नुसतं उघडता येऊ दे. त्या परक्यानं चुकून का व्हईना, तिला मालकीण केली. म्या पस्तीस वर्सांत चुकूनबी केली न्हाय.”