पाठीचा भाऊ

दारात उभा असलेला म्हातारा आपला भाऊच आहे, हे हौसाक्कानं उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं. आईच्या बाराव्याला वाटणीवरून भांडून गेलेला भिवा वीस वर्षांनी आला होता. हातात केळी होती.

"ये, बस," एवढंच तिला म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि ओवी बाहेर पडली.

वाटेकडं डोळं माझं, सांज झाली अंगणात
पाठीच्या बंधूला गं, माया न्हाई काळजात

भिवाचा चेहरा पडला. "आल्या आल्या टोमणा व्हय गं, आक्का? माझंच चुकलं, आलो ते." केळी उंबऱ्यावर ठेवून त्यानं चपला पायात सरकवल्या. ती बाजेवरून जिवाच्या आकांतानं मान हलवत राहिली. शब्द मात्र तेच आले, त्याच चालीत.

आवाज ऐकून सून बाहेर धावली. "मामाच न्हवं तुम्ही? थांबा! झटका आल्यापासनं त्यांस्नी बोलता येत न्हाई. जात्यावर सारखी हीच ओवी म्हणायच्या, तेवढीच ऱ्हायलीय तोंडात. च्या पायजे असला तरी हीच म्हणत्यात."

भिवा परत फिरला, बाजेशी उकिडवा बसला. "आलोय गं आक्का. हा काय, तुझ्यासमोर हाय की."

ते तिला दिसतच होतं. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं, ओठ आवळले, दम खाल्ला आणि सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं.

पुन्हा तीच निघाली. भाऊ आल्याची ओवी तिनं कधी म्हटलीच नव्हती.