शेवटच्या फेरीतली जागा

रश्मी फाटकापाशीच थांबली, तेव्हा देवमननं तिची बॅग उचलून खांद्यावर घेतली.

"मले नाई जमणार हे," ती म्हणाली. "पाहा न, सारे इंग्रजीतच बोलून राहिले. मी परतीची एसटी पकडते."

"जायचंच होतं, तं आली काहून?"

अमरावतीतल्या त्या कॉलेजात आज एमबीएचा पहिला दिवस होता. फाटकाच्या आत पोरं कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून उभी होती आणि पोरींच्या अंगात काळे कोट होते. वऱ्हाडातल्या उकाड्यात कोट घालणाऱ्याला एरवी लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण धंद्याचं शिक्षण म्हणजे आधी घाम गाळणं, असं कॉलेजला वाटत असावं. रश्मी आपल्या नेहमीच्या आकाशी ड्रेसमध्ये आली होती.

"आन् सीट तरी माही कुठी हाये?" ती हळूच म्हणाली. "शेवटच्या राउंडले कोणाची तरी एकच सीट खाली झाली, म्हणून मले भेटली. दुसऱ्याच्या ताटात जेवाले बसल्यावानी वाटते."

सकाळी सहाच्या एसटीनं देवमन अकोल्याहून निघाला होता. पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि ऊन चढत होतं. त्यानं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि सरळ चालू लागला. बॅगच पुढं गेली म्हटल्यावर रश्मीलाही मागोमाग जावं लागलं.

"एका विद्यार्थ्यामागं एकच पालक," फाटकावरचा माणूस म्हणाला.

"एकटाच हाये मी," देवमन म्हणाला.

ऑफिस कुठं, पिण्याचं पाणी कुठं, हे देवमनला विचारावं लागलं नाही. प्रवेशाच्या वेळी त्याचे दोन दिवस इथल्याच बाकड्यावर गेले होते. ऑफिसातले क्लार्क केशवराव म्हणजे तोफ. अर्धवट भरलेला फॉर्म दिसला की अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं झापायचे. पण देवमनला पाहून ते खुर्चीतून उठलेच.

"बसा, देवमनभाऊ. तुमचं मी आत्ताच..."

"अगोदर या पोरीचं पाहा," देवमन म्हणाला.

केशवरावांनी फॉर्म चाळला. रॅगिंग करणार नाही, अशा हमीपत्रावर पालकाच्या सहीची जागा कोरी होती. त्यांनी सवयीनं पेन पुढं केलं. देवमननं ते घेतलं, कागदापर्यंत नेलं आणि तसंच टेबलावर ठेवून दिलं. रश्मी फरशीकडे पाहत राहिली.

"सही उद्या आणून देते," ती घाईनं म्हणाली.

"आणा उद्या," केशवराव म्हणाले. ते इतकं हळू बोलले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं.

हॉलच्या दाराशी रश्मीचे पाय पुन्हा अडले. आता मात्र देवमनला राग आला.

"ऐक," तो म्हणाला. "इंग्रजी येईन दोन-चार महिन्यात. चुकली तं हासतील. हासू दे. हासल्यानं कोणी मरत नाई. पण ही खुर्ची खाली राह्यली न, तं मले लय लागन, बाई. लय लागन."

शेवटी त्याचा आवाज फाटला. रश्मीनं त्याच्याकडे पाहिलं, बॅग घेतली आणि आत गेली.

देवमन दाराबाहेर उभा राहिला. ज्योत्स्ना मॅडम एकेकाला उठवून विचारत होत्या: नाव सांगा, गाव सांगा आणि एमबीए कशासाठी ते सांगा. कुणाला पुण्यात नोकरी हवी होती, कुणाला स्वतःची कंपनी काढायची होती. रश्मीची पाळी आली. तिनं नाव सांगितलं, चांदूर बाजार सांगितलं आणि तिसऱ्या वाक्यात अडकली. मागून कुणीतरी खुदकन हसलं. आता ही पोरगी बॅग घेऊन चालती होणार, असं देवमनला वाटलं.

"मॅडम, मराठीत सांगू?" रश्मीनं विचारलं.

"सांग की."

"माझी आई बचतगटाचे पापड घेऊन बाजारात बसते. माल चांगला आहे, पण आम्हाला विकता येत नाही. ते शिकायला आले."

मागचं हसणं थांबलं होतं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्याजवळ प्रश्न तरी आहे. बस." रश्मी बसली. देवमनचे डोळे भरून आले. त्यानं ते उघडपणेच रुमालानं पुसले.

चहाच्या सुट्टीत ती बाहेर आली. चेहऱ्यावर अजून भीती होती, पण बॅग ती आतच ठेवून आली होती.

"तुमी जा आता," ती म्हणाली. "मी थांबते. जयभीम."

"जयभीम, बाई. टायमावर जेवत जाय."

ती हॉलमध्ये परत जाईपर्यंत तो तिथंच उभा होता. मग तो ऑफिसात गेला. केशवरावांनी एक जाड लिफाफा काढूनच ठेवला होता.

"तुमच्या पायलचे सारे ओरिजिनल हायेत. दहावी, बारावी, बीकॉम, टीसी," ते म्हणाले. "पोरगी गेली, तं तिच्या पुण्यानुमोदनाले बी येता नाई आलं मले, भाऊ. माफ करा." देवमननं लिफाफा दोन्ही हातांनी घेतला. केशवरावांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "त्या रश्मीले सांगतलं काय, सीट कोणाची होती ते?"

"तिची-माही ओळखच आज सकाळी फाटकापाशी झाली," देवमन म्हणाला. "काहून सांगू? तिचीच होती, असं वाटू द्या तिले."