हेडसरांचं माप

“सकाळचा पहिला चहा कोण करतं?” डिझायनर मुलीने वही उघडून विचारलं.

हेडसरांना प्रश्नच आवडला नाही. भिंतींचा रंग विचारावा, पडदे विचारावेत. माणसांच्या सवयींची हजेरी कशाला घ्यायची? शाळा चालवून ते गेल्याच महिन्यात निवृत्त झाले होते. प्रश्न विचारायची सवय त्यांना होती, उत्तरं द्यायची नव्हती.

“ही करते,” ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. “चौतीस वर्षं हीच करतेय. पुढचा प्रश्न.”

डिझायनरची टूम बायकोचीच. एरवी ‘तुम्ही म्हणाल तसं’ यापलीकडे न जाणारी बाई या वेळी हटूनच बसली होती. घराला हात लावायचा तर जाणत्या माणसाने, नाहीतर आहे तसं राहू दे. हेडसरांनी अबोला धरून पाहिला, पण चौथ्या दिवशी त्यांचाच जीव कासावीस झाला. मग त्यांनी ठरवलं, येऊ दे बापडी, पण चालणार शब्द आपलाच.

त्यांना हवी होती लिहायची खोली. खिडकीजवळची, दार लावून घेता येईल अशी. आत्मचरित्राचं नाव ठरलेलं होतं, मजकूर तेवढा बाकी होता. डॉक्टरांनी फार वेळ बसू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे टेबल उभ्याने लिहिता येईल असं हवं होतं. शिवाय ते डावखुरे. जन्मभर उजव्यांच्या जगात कुचंबणा सोसली, आता सोसणार नव्हते.

मुलगी मात्र स्वयंपाकघरातून हलेना. तिने टेप लावून ओटा मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, हा फार खाली आहे. उभ्याने काम करायची जागा कोपराच्या मापाची लागते, नाहीतर पाठीचे हाल होतात. काकू रोज वाकून राबतात इथे.”

“माझ्या आईच्या उंचीचा आहे तो. हिचं आजवर काही अडलं नाही.”

बायको ओट्याशीच उभी होती, एक हात कमरेवर ठेवून.

मुलगीही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने ओट्यासाठी तासभर हुज्जत घातली. शेवटी हेडसरांनी वर्गात लावायचे तो आवाज लावला. आईच्या ओट्याचा दगड फुटता कामा नये आणि त्याची उंची बोटभरही बदलायची नाही, असा हुकूम सुटला.

“आणि बाकीचं सगळं माझ्या मापाने होईल,” ते म्हणाले.

“सगळं?” बायकोने विचारलं.

“सगळं. स्वतःच्या घरात मी दुसऱ्याच्या मापाने राहणार नाही.”

मुलगी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“राहू दे गं. ते म्हणतात तसंच कर. एक अक्षर इकडचं तिकडे नको.”

आली ताळ्यावर, हेडसर मनात म्हणाले.

मग मापं झाली. हेडसर कवायतीला उभे राहावेत तसे ताठ उभे राहिले. कोपर काटकोनात धरून जमिनीपासूनची उंची घेतली गेली. टाचा न उचलता हात किती वर पोचतो, वस्तू उचलायला आधी कुठला हात पुढे होतो, सगळं टिपलं गेलं. इतक्या बारकाईने त्यांची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. ते अगदी खुशीत आले. मुलगी काकूंचंही माप घ्यायला निघाली, तर बायकोनेच तिला थांबवलं.

“माझं कशाला? उभ्याने काम त्यांना करायचंय.”

आठवड्याने नकाशे आले. बायको दोनदा म्हणाली, अहो, चष्मा लावून एकदा नीट बघा. पण हजारो प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या माणसाला कागद कसला दाखवता? त्यांनी वर डाव्या हाताने ‘सर्व काही माझ्या मापाने’ असं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

काम चालू असताना दोघं आपल्या लेकीकडे राहिली. दोन महिने हेडसरांनी जावयाला टेबलाचं वर्णन ऐकवलं. जावई बिचारा कामावर लवकर जाऊ लागला.

परतले त्या सकाळी डिझायनर मुलगी किल्ली घेऊन दारातच होती. हेडसर जोडे काढून तडक खिडकीजवळच्या खोलीत गेले. दार छान लागत होतं. खिडकीखाली आईच्या ओट्याचा काळा दगड नव्या पायांवर बसवला होता. एक टवका उडाला नव्हता, उंचीही बोटभर बदलली नव्हती. खुर्ची ओढून बसलं तर लिहायला नेमकी. समोर खुर्ची होतीच. दगडावर कोरी वही होती, आणि वहीच्या उजव्या बाजूला पेन.

“आणि माझं उभ्याचं टेबल?” त्यांनी विचारलं.

मुलीने त्यांच्या सहीचा नकाशा त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

तिथे नवा ओटा चकचकत होता. शेगडी, सुरी, चमचे, सगळं डाव्या हाताशी. चहासाखरेचे डबे उंच फळीवर, टाचा न उचलता त्यांचा हात पोचेल इतकेच वर. हेडसर नकळत ओट्याशी उभे राहिले. कोपर बरोब्बर काटकोनात आलं. खिडकीजवळच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि दार लावून घेता घेता बायको म्हणाली, “चहा झाला की हाक मारा.”