फरफटत नेतो

"ताई, तुम्हाला लागेल हो," नवा नट तालमीत कचरला. संहितेत लिहिलं होतं, 'नवरा तिला केस धरून फरफटत नेतो.'

"फरफटत नेतो म्हणजे तू काही करायचं नाहीस, बाबा. मूठ माझ्या केसांवर नुसती ठेव. तुझं मनगट मी दोन्ही हातांनी धरणार आणि मी जाईन तिकडे तू यायचंस."

प्रयोगाला अख्खं थिएटर हळहळलं.

नंतर रंगपटात एक तरुण बाई आली. सेल्फी न मागता तिने विचारलं, "ते मनगट धरणं मला शिकवाल?"

मी दार लावलं. मी तिच्या केसांवर मूठ ठेवताच तिने डोळे मिटले, पण माझं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"शाबास," मी म्हटलं. "आता पिरगळ. हे आमच्या नाटकात नाही."