आत राहिलेला रोल

जुना कॅमेरा घेतला की मी मागचं झाकण लगेच उघडत नाही. आधी रोल गुंडाळायची कळ हलकेच फिरवून बघते. ती जड लागली तर आत कुणाचा तरी रोल राहिलेला असतो. जुन्या सामानाच्या दुकानात कवडीमोलाने मिळालेल्या या कॅमेऱ्याची कळ चांगलीच जड लागली.

रोल धुवायला टाकला. आज फोटो आले.

माझ्या प्रत्येक कॅमेऱ्याला "आला आणखी एक डबा" म्हणणाऱ्या आमच्या यांनी आज स्वतःच फोटो टेबलावर मांडले. सगळ्या फोटोंत आम्ही दोघं होतो, याच टेबलाशी. पंचवीस वर्षं कॅमेऱ्यामागे मीच, त्यामुळे आमचा जोडीने एकही फोटो नव्हता. ती खंत मी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

"अहो, हा शर्ट तर तुम्ही कालच आणलात."

"शोभतोय की मला," हे म्हणाले. "फ्रेम करून घेऊ. किती दिवसांनी अशी हसलीयेस तू."

खरंच हसत होते मी, घरच्या माणसाकडे बघून हसावं तशी.

"तुम्हीही हसताय. पण कोणाकडे बघून?"

"असेल कुणी आपलंच." यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "कप मात्र तीन दिसतायत."

मी टेबलाकडे पाहिलं. माझ्याही नकळत मी आज तीन कप चहा ओतला होता. आमचे दोन्ही अजून काठोकाठ भरलेले होते.

तिसरा अर्धा झाला होता.