अख्खी गोळी, कुटलेली गोळी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा प्रयोग एकदम हिट! आईलाही मी हट्टानं जामसरहून आणलं होतं. दोन ग्लास पाणी आणि बाबांच्या उरलेल्या बीपीच्या दोन गोळ्या, एक अख्खी, एक कुटलेली. अख्खी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तशीच राहिली, कुटलेली लगेच पाण्यात पसरली.

परीक्षक डॉक्टर मॅडम खूश. "शाब्बास हर्षाली! ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणूनच बनवतात. कुटून दिली तर सगळं औषध एकदम अंगात भिनतं. बीपी इतकं उतरतं की माणूस दगावूसुद्धा शकतो."

टाळ्याच टाळ्या! मी ऐटीत आईकडे पाहिलं.

तिचे हात मांडीवर तसेच होते. बाबांना गोळी गिळता यायची नाही, म्हणून तीच रोज सकाळी कुटून नाचणीच्या आंबिलीत कालवून द्यायची. दिवाळीत बाबा अंगणात चक्कर येऊन पडले, ते उठलेच नाहीत.

"हर्षे, मग मीच का गं..."



पहिल्या नंबरची ढाल तिच्या मांडीवर ठेवून मी म्हणाले, "अगं, माझा प्रयोगच चुकलाय. मॅडमना कळलंच नाही!"